कंबर नव्वदच्या आत

३ एप्रिल

या दोन हातांनी आजवर बनवलेल्या वस्तू: गच्चीवरची खोली, छपरासकट. तिच्यातले वर्कबेंच. गच्चीवर जाणारा जिना, ज्याची एकही पायरी आजवर कुरकुरलेली नाही. बायको माल-जाच्या आंबवलेल्या किमचीच्या मडक्यांसाठी घडवंची. दुकानाचे शटर आणि त्याचे कुलूप. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या खिडक्या. थोरल्या भावाच्या कबरीपाशी बसायचा बाक. कोणाकडे शिकलो नाही, कुठल्या शाळेचा कागद नाही. बघून शिकलो, चुकून शिकलो. चुका बहुतेक इतरांच्या.

न बनवलेली वस्तू एकच. हे पोट. ते आपोआप झाले.

आज सरकारी तपासणीचा रिपोर्ट आला, दोघांचाही. साखर काठावर, रक्तदाब काठाच्या जरा पलीकडे, यकृतावर चरबी. इथवर नवरा-बायकोत विशेष फरक नाही. पण पुरुषाची कंबर म्हणे नव्वद सेंटिमीटरच्या आत हवी. माझी अठ्ठ्याण्णव लिहिली आहे. त्या नर्सने कापडी टेपने मोजली होती! जन्मभर खिडक्यांची मापे घेणाऱ्या माणसाला कापडी टेप! कापड आटते, हे मी तिला तेव्हाच सांगितले होते. ती म्हणाली, काका, आधी तो धरून ठेवलेला श्वास सोडा.

नोव्हेंबरात परत तपासणी.

जेवताना माल-जा म्हणाली, अहो, तुमचे दादा याच काठावरून गेले. साठीसुद्धा गाठली नाही. नोव्हेंबरात आकडे खाली आले नाहीत तर गच्चीवरच्या खोलीला कुलूप. खोलीत बसून बसूनच हे झाले आहे.

मी म्हटले, कुलूप मीच बनवून देतो. ती हसली नाही.

६ एप्रिल

प्लॅन तयार. चार खांब: व्यायाम, आहार, झोप, मनःशांती. चारही एकदम उभे करायचे नाहीत, इमारत तिरकी जाते. आधी व्यायाम.

सकाळी मागच्या बुओंग टेकडीवर पाहणीला गेलो. वॉर्ड ऑफिसने लावलेला लटकायचा दांडा पाहून जीव कासावीस झाला. पाणसळ लावून पाहिली. डावीकडे उतरता! त्यावर लटकणाऱ्या माणसाचा मणका कुठल्या दिशेला जात असेल? वाईट साधनावर केलेला व्यायाम न केलेल्याहून वाईट. तेव्हा एप्रिल महिना साधने बनवण्यात घालवायचा, आणि मेपासून व्यायाम.

दरम्यान माल-जाचे कुलूप बनवले. शब्द दिला की दिला. सात लिव्हरचे, आतून कोयंडा गुंतणारे. बाहेरच्या कोणालाही तारेने उघडता येणार नाही. मलाही नाही. माझे आजवरचे सर्वोत्तम कुलूप. किल्ली तिच्या हातात ठेवली. तिने ती ॲप्रनच्या खिशात टाकली आणि मुळा चिरायला लागली. कौतुकाचा एक शब्द नाही.

११ एप्रिल

डंबेल्स ओतली. बाजारात मिळतात ती पोकळ, आत वाळू. मी पाइपच्या दोन टोकांना सिमेंट ओतले, साच्यासाठी किमचीचे डबे घेतले. मजबुतीसाठी सिमेंटमध्ये जुने नट-बोल्ट टाकले, दोन मुठी. शिवाय एक तुटकी बिजागरी. प्रत्येक डंबेल बरोबर दहा किलोचे. साच्याच्या आकारावरून हिशेब केला होता.

माल-जाने विचारले, माझे डबे कुठे गेले?

तिला सांगितले, त्यांना आता वरचे काम मिळाले आहे. मग जरा बोलाचाली.

१९ एप्रिल

शंका खरी निघाली. घरातला वजनकाटा खोटा! दहा किलोचे डंबेल ठेवले तर साडेअकराच्या वर दाखवतो. म्हणजे इतकी वर्षे आम्ही दोघे फुकटचे जाड ठरत होतो. काट्याचे झाकण उघडून स्क्रू फिरवला, दहावर आणला. आता खरे सांगतो.

लगेच उभा राहिलो. प्लॅनच्या पहिल्याच महिन्यात, व्यायाम सुरूही केलेला नसताना, वजन उतरले. हे साधन नीट केल्याचे फळ.

२ मे

लटकायचा दांडा बसवला. टेकडीच्या वरच्या सपाटीवर, दोन पाइन झाडांच्या मध्ये. पाया खोल, ओळंबा लावून खांब सरळ, दांड्याला कानस मारून हाताला टोचणार नाही असा गुळगुळीत. पाइप वर न्यायला दोक-पाल आला होता. पायथ्याशी त्याचे धिरड्यांचे दुकान आहे.

सिमेंट अजून पुरते वाळले नव्हते, तोच ओक-बुन आजी आली. वय ऐंशीच्या वर. सकाळी टेकडीवर टाळ्या वाजवत उलट्या पावली चालणाऱ्या बायकांची ही पुढारी. मी ओरडतोय, आजी, थांबा. तोवर ती वटवाघळासारखी लटकली. लटकल्या लटकल्या म्हणाली, खिडकीवाल्या, दांडा चांगला आहे रे. तू का नाही लटकत?

मी सांगितले, सिमेंट वाळू दे.

उतरताना दोक-पालकडे पातीच्या कांद्याची धिरडी आणि माकगलीची, म्हणजे तांदळाच्या दारूची, एक किटली. टेकडी उतरून माकगली न घेता घरी जाणे म्हणजे टेकडीचा अपमान, हे इथले लहान पोरही सांगेल. आणि माकगली म्हणजे शेवटी तांदूळच. त्यात पातीचा कांदा ही भाजी. संध्याकाळी माल-जाला तसे समजावले. ती म्हणाली, किटलीत किती वाट्या भात बसतो ते सांगा.

२० मे

कंबर फिरवायची चकती. वर उभे राहून डावी-उजवीकडे वळायचे. बेअरिंग जुन्या वॉशिंग मशीनमधले, ग्रीस दोनदा बदलले. चाचणीसाठी माल-जाला टेकडीवर घेऊन गेलो. तिचे वजन योग्य, शिवाय ती खरे बोलते. तिने वळून पाहिले आणि म्हणाली, डावीकडे किंचित अडते आहे.

बरोबर होते! चकती घरी आणली, उघडली, आठवडाभर काम चालेल. तिला म्हटले, रोज सकाळी येऊन सांगत जा कुठे काय अडते ते. निरीक्षकाशिवाय काम सुधारत नाही. ती कबूल झाली. चांगली माणसे मिळायला नशीब लागते.

माझा स्वतःचा व्यायाम तूर्त पुढे. पण टेकडीवर हत्यारांची पेटी चढवणे हाही व्यायामच. (पेटी बहुतेक वेळा माल-जा चढवते. माझ्या हातात पाणसळ असते, ती आपटून चालत नाही.)

८ जून

मनःशांतीचा खांब. बीच लाकडाच्या फळीवर 'इथे रागावू नये' असे कोरले, अक्षरांना काळा रंग, वर वॉर्निश. दांड्याशेजारी लावली.

अर्ध्या तासात एक निवृत्त हेडमास्तर आले आणि म्हणाले, शेवटचे अक्षर खाली गेले आहे. मी पाणसळ काढून दाखवली. ते म्हणाले, तुमची पाणसळच वाकडी असेल. माझी पाणसळ! मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. फळी काढून त्यांना मारायला धावलो, ही ओक-बुन आजीची अतिशयोक्ती आहे. फळी काढली ती अक्षर तपासायला. हातात होती म्हणून हातात होती.

घरी येऊन दीर्घ श्वसन. मग कॉफीच्या दोन पुड्या एका कपात. शांत वाटले.

२६ जून

आहार. कॉफीच्या पुडीत कॉफी, दूध पावडर आणि साखर एकत्रच असते. त्यातली साखर वगळायची कशी, हा खरा तांत्रिक प्रश्न. पुडीच्या शेवटच्या टोकाला साखर असते. तेव्हा टोक चिमटीत धरून ओतायचे. सोपे आणि शास्त्रशुद्ध. मग पाण्यात कॉफी कमी पडते, म्हणून दुसरी पुडी. तिचेही टोक चिमटीत. मग उरलेल्या दोन टोकांचे काय करायचे? वाया घालवणे माझ्या स्वभावात नाही.

माल-जाने पांढऱ्या तांदळाऐवजी जव आणि काळ्या सोयाबीनचा भात सुरू केला. चावायला वेळ लागतो. मी दोन घास कमी खाल्ले आणि ते दोक-पालकडे भरून काढले.

१५ जुलै

लाल मातीची वाट पूर्ण. अनवाणी चालायची लाट सगळीकडे आहे, पण वॉर्ड ऑफिसच्या वाटांत खडे निघतात. मी माती तीनदा चाळली, कडेला ओंडके, शेवटी पाय धुवायला नळ आणि नळापाशी बसायला बाक. बायका रांगेने अनवाणी चालतात, टाळ्या वाजवतात, मधूनच दरीकडे तोंड करून ओरडतात. माल-जा सर्वांत पुढे. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला लग्नाला इतकी वर्षे होऊनही ठाऊक नव्हते.

मी कडेने, बूट घालून. सगळ्यांनीच बूट काढले तर ओंडक्यांना लाथ मारून कोण तपासणार?

ओक-बुन आजी म्हणाली, अरे खिडकीवाल्या, तू हॉटेल काढून दारात उभा राहणारा उपाशी माणूस आहेस. बायका हसल्या. माल-जाही हसली. हसताना तिचा चेहरा जरा सुकल्यासारखा वाटला.

९ ऑगस्ट

दादाचे वर्षश्राद्ध. पुतण्याच्या घरी टेबल मांडले होते. दादाचा फोटो, समोर भाताची वाटी, सूप, मासा, फळे आणि त्याला आवडायचे तसे गोमांसाचे गोड परतलेले काप. आम्ही दोनदा वाकून नमस्कार केला. त्याच्या नावाची माकगली ओतली. मग रीतीप्रमाणे तेच अन्न जिवंतांनी खायचे.

मी दादाची वाटी घेतली. नंतर कापही. ते उरले असते तर त्याला वाईट वाटले असते. त्याच्या नावाचा पेलाही मीच संपवला. पुतण्या म्हणाला, काका, तुम्ही अगदी बाबांसारखे खाता. मला बरे वाटले.

परतताना बसमध्ये माल-जा खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, पुढच्या वर्षी टेबलावर दोन वाट्या मांडायच्या का? आत्ताच सांगा, म्हणजे मी वाटी घेऊन ठेवते.

 बसची खिडकी नीट लागत नव्हती. तिचा खटका बघत बसलो. साधा खटका आहे, पण डोळ्यांत पाणी आले की स्क्रू दिसत नाही.

१० ऑगस्ट

आजपासून. खरोखर.

सकाळी एकटा टेकडीवर गेलो. पाणसळ घरी ठेवली. हत्यारे घरी ठेवली. दांड्यासमोर उभा राहिलो, हात वर केले, लटकलो.

दांडा उत्तम आहे. पकड उत्तम. खांब जराही हलला नाही. मीच सुटलो.

शेजारी ओक-बुन आजी लटकत होती. लटकूनच तिने धाकट्या सुनेची सबंध गोष्ट सांगितली, तिची बहीण कशी आली आणि तिने घरी काय काय नेले. मग म्हणाली, पडलास तरी परत लटक रे. दांडा तुझाच आहे, भाडे नाही.

परत लटकलो. परत सुटलो. हाताला फोड. निष्कर्ष: दांड्याचा व्यास माझ्या पंजाला दोन मिलिमीटर जास्त आहे. फोड बरा होईपर्यंत व्यायाम स्थगित, आणि माझ्या मापाचा वेगळा दांडा बनवायला घ्यायचा. हार मानलेली नाही. उलट, प्रश्न नेमका कळला.

१२ सप्टेंबर

माल-जाची काळजी वाटते. वाळत चालली आहे. पँट कमरेत दोनदा आत घेतली. पहाटे माझ्या आधी उठते, जिना धावत चढते, गाणी म्हणते. झोप तर अशी की कूस बदलत नाही. ही सगळी लक्षणे कसली म्हणायची? वजनकाट्यावर उभे केले तर आकडा पाहून धक्काच बसला. काटा तर मी दुरुस्त केलेला, खोटे बोलणार नाही.

दोक-पालला बोललो. तो म्हणाला, अरे, तिची तब्येत सुधारली आहे.

त्याला काय कळते? तो धिरडी करतो. मी तिच्या ताकदीसाठी लाल जिनसेंग मुळीचा अर्क आणला. तिने एक घोट घेऊन बाटली माझ्यापुढे सरकवली. बाकीची मीच संपवली. गोड असतो.

१७ ऑक्टोबर

ओक-बुन आजीने भाजीवाल्याच्या तराजूवर माझे डंबेल ठेवले. साडेअकराच्या वर भरले. टेकडीवर सगळ्यांसमोर म्हणाली, खिडकीवाल्या, इतके दिवस मी तुझ्या डंबेलला दहा किलो समजून उचलत होते. तरीच हात दुखतो.

भाजीवाल्याचे तराजू! त्या तराजूवर माझा विश्वास नाही.

घरी येऊन एका डंबेलकडे बराच वेळ बघत बसलो. नट-बोल्ट. दोन मुठी. आणि ती बिजागरी.

वजनकाटा आहे तसा ठेवला. तपासणी जवळ आली आहे. उगाच मनःशांती कशाला बिघडवायची?

९ नोव्हेंबर

तपासणी. नर्स तीच, टेप तीच. या वेळी मी माझी स्टीलची टेप सोबत नेली होती. तिने आधी तिच्या टेपने मोजली, मग माझ्या टेपने. दोन्हींवर एकशे एक. म्हणजे कापडी टेप आटलेली नव्हती. हे एक कळले.

रक्ताचा रिपोर्ट आठवड्याने.

१६ नोव्हेंबर

डॉक्टरांनी दोघांना एकत्र बसवले. माल-जाची साखर काठाच्या आत. रक्तदाब आत. यकृत स्वच्छ. डॉक्टर दोनदा कागद उलटून बघत होते. तिला विचारले, बाई, काय केलेत?

ती म्हणाली, मी काही नाही केले. सगळे यांनी बनवून दिले. दांडा, चकती, अनवाणी चालायची वाट. मी फक्त गेले.

मला काय वाटले ते लिहिता येत नाही. डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, हे सगळे तुम्ही केलेत? मी म्हटले, या दोन हातांनी. ते म्हणाले, वा! मग माझा कागद उघडला.  चष्मा काढून पुसला. म्हणाले, आणि वापरता कधी?

मी त्यांना बनवणारा आणि वापरणारा यांतला फरक समजावू लागलो. माल-जाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. थांबलो. गोळ्या सुरू.

घरी आल्यावर तिने कोटही काढला नाही. जिना चढली. एक पायरी कुरकुरली नाही. वर कोयंडा पडल्याचा आवाज आला. खालूनही कळले, किती अचूक बसला आहे.

१८ नोव्हेंबर

काल ती बाजारात गेल्यावर वर जाऊन प्रयत्न केला. तारेने. मग पातळ पट्टीने. मग दुकानातल्या सगळ्या जुन्या किल्ल्यांनी. उघडत नाही. एप्रिलात लिहिले होते, मलाही उघडता येणार नाही. शब्द न् शब्द खरा निघाला. एका दृष्टीने समाधान आहे.

माल-जाला मी वर गेल्याचे कळलेच नाही, असे मला वाटले. जेवायला बसल्यावर म्हणाली, अहो, तार वाकली असेल तर फेका, पायात जाईल.

३ डिसेंबर

टेकडीवर बर्फ गोठले. बायकांचे मंडळ आता आमच्या गच्चीवरच्या खोलीत भरते. माझे वर्कबेंच भिंतीला लावून मधे चकती आणि डंबेल्स मांडली आहेत. किल्ली ओक-बुन आजीच्या गळ्यात. नियम तिने केला: जो व्यायाम करेल तो आत. मी म्हटले, आजी, खोली माझी आहे. ती म्हणाली, मग ये की. दार ढकल, चकतीवर उभा राहा. तुझ्यासाठी जागा ठेवली आहे.

विचार करतो म्हटले.

आज जिन्यावर बसून आतला आवाज ऐकला. टाळ्या, पाय आपटणे, माल-जाचे गाणे. मधेच चकतीचा आवाज. डावीकडे अडते आहे. ग्रीस हवे. हे आतल्या एकीलाही कळत नाही.

७ डिसेंबर

आज सकाळी आरोग्य केंद्रातून एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. म्हणाली, काका, टेकडीवरच्या साधनांबद्दल खूप ऐकले. पायथ्याशी मोठा फलक लावायचा आहे, त्यावर तुमचा फोटो हवा. मला अंदाज होताच की एक दिवस दखल घेतली जाईल. आत जाऊन लग्नातला कोट घातला, केस विंचरले, हातात पाणसळ धरली.

ती म्हणाली, काका, कोट काढा. तसाही त्याचे बटण लागत नाही. आणि ते हातातले खाली ठेवा. बाजूने उभे राहा. श्वास सोडा.

मग समजले. फलकावर दोन माणसे. एकच घर, एकाच हंडीतला भात, तीच साधने. उजवीकडे माल-जा, तिच्यावर लिहायचे 'नंतर'. डावीकडे मी. माझ्यावर लिहायचे 'आधी'. फलक वर्षभर, दोक-पालच्या दुकानासमोर, धिरडे खायला बसले की थेट डोळ्यांसमोर.

मी म्हटले, मुली, फलकाची चौकट बनवून देतो. सागवानाची, कोपरे जुळवून, फुकट. ती म्हणाली, चौकट आहे हो काका. तुम्ही हवेत. आणि फुकट नाही, बाजारात चालणारी कूपने मिळतील.

माल-जाने तिच्या जागी उभे राहून फोटो काढून घेतला. हसरा आला आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, अहो, या की. एकटीच उभी आहे, मधे केवढी जागा दिसते.

मी स्वच्छ नकार दिला. 'नंतर'ला पन्नास हजार वॉनची कूपने. 'आधी'ला फक्त तीस.